जुन्या रेकॉर्ड परदेशी पाठवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मी जुन्या रेकॉर्ड्स विकते. सुरुवात बाबांच्या संग्रहापासून झाली, पुढे जुन्या बाजारातल्या बुधवार-रविवारच्या फेऱ्या आणि लोकांच्या माळ्यांवरच्या पेट्या यांतून भर पडत गेली. आज माझं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक परदेशात आहे. जर्मनी आणि जपानमधल्या संग्राहकांना सत्तरच्या दशकातल्या हिंदी चित्रपटांच्या एलपी, म्हणजे मोठ्या 12 इंची तबकड्या, हव्या असतात. लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांना नाट्यसंगीत आणि भावगीतं हवी असतात, आणि तिथे आजोबांचा ग्रामोफोन अजून चालू स्थितीत असतो. घरातला संग्रह विकायला काढलेले किंवा नव्याने हा व्यवसाय करू पाहणारे लोक मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

माझ्याकडच्या रेकॉर्ड्स व्हिनाइलच्या आहेत की लाखेच्या? आणि त्याने फरक काय पडतो?

सगळं पॅकिंग यावर ठरतं, म्हणून पहिल्यांदा हेच बघा. लेबलवर 33⅓ किंवा 45 (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) लिहिलेलं असेल तर ती व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकची. ती लवचीक असते आणि सहजासहजी फुटत नाही. लेबलवर 78 असेल, तबकडी हातात जड आणि कडक लागत असेल, नखाने टिचकी मारल्यावर कौलासारखा आवाज येत असेल, तर ती लाखेची. छोटा नागपूरच्या जंगलातल्या किड्यांपासून मिळणारी लाख आणि दगडाची बारीक पूड मिसळून ती बनवत. ती वाकत नाही, थेट फुटते. टेबलावरून फरशीवर पडली की तुकडेच.

वर्षावरून अंदाज बांधू नका. अमेरिकेत 12 इंची एलपी 1948 साली आली, पण आपल्याकडे साठच्या दशकातही 78 च्या रेकॉर्ड्स निघत होत्या. त्यामुळे एकाच गायिकेची गाणी एकाच पेटीत दोन्ही प्रकारांत सापडतात. पेटी उघडली की आधी दोन गठ्ठे करा.

एलपी कशी पॅक करायची?

सगळ्यात महत्त्वाचं: तबकडी कव्हरमधून बाहेर काढा. ती आतल्या कागदी किंवा प्लास्टिकच्या पाकिटात घालून कव्हरच्या मागे ठेवा, कव्हरच्या आत नको. पार्सल कोपऱ्यावर आपटलं की तबकडी कव्हरमध्ये सरकते आणि तिची धार कव्हरची कड आतून चिरते. आपल्याकडची जुनी कव्हरं पातळ पुठ्ठ्याची, त्यात पन्नास वर्षांचा डिंक सुकलेला. अशी कड एकदा उसवली की ती पुन्हा तशी जुळत नाही, आणि संग्राहकाच्या दृष्टीने रेकॉर्डची किंमत तिथेच उतरते.

मग तबकडी आणि कव्हर एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला. पाऊस असो वा नसो, पिशवी हवीच. पार्सल कुठल्या धक्क्यावर किती वेळ उघड्यावर पडेल ते आपल्या हातात नसतं. पिशवीच्या दोन्ही बाजूंना नालीदार पुठ्ठ्याचे चौकोन लावा. पुठ्ठे कव्हरपेक्षा चारी बाजूंनी किमान 1 सेंटिमीटर मोठे हवेत, म्हणजे आपटलं तरी मार पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला बसतो. एका पुठ्ठ्याच्या नाल्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवा. दोन्हींच्या नाल्या एकाच दिशेने असतील तर पार्सल त्या रेषेवर सहज दुमडतं. आडवे-उभे ठेवले तर ते फळीसारखं कडक होतं. हे सँडविच चिकटपट्टीने चारी बाजूंनी बांधा, त्यावर बबल रॅपचा एक थर द्या आणि ते बाहेरच्या खोक्यात घाला.

सीलबंद रेकॉर्ड असेल तर? तबकडी बाहेर काढायची तर सील फोडावं लागतं. हा निर्णय तुमचा नाही, घेणाऱ्याचा आहे. त्याला विचारा, उत्तर लेखी ठेवा आणि तो सांगेल तसं करा.

78 च्या रेकॉर्ड्स पाठवता येतात का? सगळे म्हणतात की त्या फुटतातच.

येतात. जपान, इंग्लंड, कॅनडा इथे मी अनेक वर्षं पाठवतेय. ज्या फुटतात त्या बहुतेक एलपीसारख्या पॅक केलेल्या असतात. लाखेच्या रेकॉर्डला सपाट पाकीट चालत नाही, तिला खोक्यात खोकं लागतं. मी कसं करते ते पूर्ण सांगते, कारण यातली एक पायरी गाळली तरी बाकीच्या पायऱ्या वाया जातात.

आधी प्रत्येक तबकडी नव्या कागदी पाकिटात घालते. मूळ पाकिटावर कंपनीची चित्रं किंवा दुकानाचा शिक्का असेल तर ते पाकीट वेगळं, सपाट ठेवून सोबत पाठवते. जुन्या पाकिटातल्या धुळीचे कण प्रवासभर खोबणींवर घासत राहतात.

10 इंची तबकडी म्हणजे साधारण 25 सेंटिमीटर. तिच्यासाठी 30 सेंटिमीटरचे नालीदार पुठ्ठ्याचे चौकोन कापते. तबकडी बरोबर मध्ये ठेवून पाकिटाचे कोपरे पुठ्ठ्याला कागदी चिकटपट्टीने धरून ठेवते, म्हणजे ती सरकत नाही आणि कडेला चारी बाजूंनी दोनेक सेंटिमीटर मोकळी जागा राहते. लाखेची रेकॉर्ड तिच्या कडेपासून फुटते. कडेला काही लागलंच नाही, तर निम्मं काम झालं.

पुठ्ठा, तबकडी, पुठ्ठा, तबकडी असा गठ्ठा करते. दर दोन तबकड्यांमागे फोमचा पातळ तुकडा. एका गठ्ठ्यात दहापेक्षा जास्त नाही. 10 इंची एक तबकडी साधारण 200 ग्रॅमच्या आसपास भरते, दहा म्हणजे दोन किलो. त्यात पुठ्ठे आणि खोकी धरली की खोकं पडतं तेव्हा त्याच्या स्वतःच्या वजनानेच आतल्या तबकड्या दाबल्या जातात. वीस रेकॉर्ड असतील तर दोन खोकी करा. टपालखर्च वाढेल, पण वाढू द्या.

हा गठ्ठा बबल रॅपमध्ये गुंडाळून पहिल्या खोक्यात जातो, घट्ट, पण दाबून नाही. गठ्ठा आवळून बांधला की तबकडीवर सतत ताण येतो आणि जिथे आधीचा केसाएवढा तडा असेल तिथे ती उघडते. पहिलं खोकं दुसऱ्या, मोठ्या खोक्यात, सहाही बाजूंना 5 ते 7 सेंटिमीटर भरण ठेवून. वरखाली सारखंच भरण हवं. 'ही बाजू वर' असं लिहिलं तरी कुणी पाळेलच असं नाही, म्हणून खोकं कुठल्याही बाजूने पडलं तरी चाललं पाहिजे.

शेवटी खोकं कानाशी धरून हलवा. काहीही वाजलं, सरकलं, तर उघडा आणि पुन्हा करा. मी एक तडा गेलेली, कुणालाच नको असलेली तबकडी खास चाचणीसाठी ठेवली आहे. नव्या मापाचं खोकं घेतलं की तिला त्यात बांधून कमरेच्या उंचीवरून सहाही बाजूंनी टाकून बघते. ज्या खोक्यातून ती आणखी तुकडे न होता बाहेर येते, तेच माप पुढे वापरते.

आणि एक कळकळीची विनंती. जुन्या रेकॉर्ड्स पुस्तकासारख्या बांधलेल्या अल्बमात असतात, पानापानात एकेक तबकडी. तो अल्बम तसाच पाठवू नका. बांधणीच्या बाजूला तबकडी अडकते आणि पान वळलं की मोडते. तबकड्या काढून वेगळ्या बांधा, रिकामा अल्बम वेगळा.

पुठ्ठा, फोम, खोकी कुठून आणायची?

पुण्यात बोहरी आळीत सगळं मिळतं. इतर गावांत किराणा घाऊक दुकानं आणि औषधांच्या एजन्सीकडची खोकी उत्तम असतात, कारण ती नवीच असतात. फळांची खोकी घेऊ नका, त्यांना ओल आणि वास दोन्ही लागलेले असतात. तीन थरी पुठ्ठा आतल्या चौकोनांना पुरतो, बाहेरच्या खोक्याला पाच थरी मागा.

घरात पेंढा, भाताचं तूस, लाकडी पेटी आहे. ते वापरलं तर?

नको. आंब्याच्या पेटीत पेंढा घालायची आपली सवय चांगली आहे, पण ऑस्ट्रेलियासारख्या देशात गवत, पेंढा, तूस घातलेलं पार्सल जैवसुरक्षेच्या कारणाने अडवलं जातं. लाकडी पेटीला उष्णता किंवा धुरीची प्रक्रिया केलेला आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो. घरगुती पेटीवर तो नसतो.

वर्तमानपत्र बाहेरच्या भरणीत चालेल, पण तबकडीला किंवा कव्हरला ते लागू देऊ नका, शाई उतरते. बबल रॅपही थेट तबकडीवर नको. उष्णतेत त्याच्या फुग्यांचे ठसे व्हिनाइलवर उमटतात. मऊ पीव्हीसीच्या जाड पारदर्शक पिशव्याही टाळा. त्यांतून निघणाऱ्या द्रव्याने काही महिन्यांत तबकडीवर धुरकट थर बसतो, आणि तो धुऊन जात नाही. पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनची पिशवी घ्या.

उन्हाळ्यात पाठवणं धोक्याचं आहे का?

व्हिनाइलसाठी, हो. साधारण 60-70 अंशांना ते मऊ पडायला लागतं आणि विदर्भात एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आतलं तापमान सहज तिथवर जातं. मी त्या दोन महिन्यांत सोमवार-मंगळवारीच बुकिंग करते, म्हणजे शनिवार-रविवारी पार्सल गोदामात पडून राहत नाही. पुठ्ठ्याचं सँडविच इथेही कामाला येतं, कारण तापलेली तबकडी सपाट धरून ठेवली असेल तर ती वाकत नाही.

पावसाळ्यातला शत्रू बुरशी. रेकॉर्ड पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पिशवीत बंद करू नका, आणि सिलिका जेलची एक पुडी आत टाका.

पाठवण्याआधी रेकॉर्ड धुवावी का?

व्हिनाइल जरूर धुवा. डिस्टिल्ड पाणी, भांड्यांच्या सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ कापड, खोबणीच्या दिशेने गोल. लेबल कोरडं ठेवा. लाखेच्या रेकॉर्डला मात्र स्पिरिट, अल्कोहोल, सॅनिटायझर यांतलं काहीही लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुताराचं पॉलिश त्यावरच तर चालतं. एका ओळखीच्या गृहस्थांनी 'निर्जंतुक' करून पाठवायच्या हौसेने आठ रेकॉर्ड पुसल्या. आठही करड्या पडल्या. ती गाणी पुन्हा त्या तबकड्यांवरून ऐकता येणार नाहीत.

रेकॉर्डची अवस्था परदेशी माणसाला कशी सांगायची?

बाहेर गोल्डमाइन या अमेरिकी मासिकाची श्रेणी चालते: मिंट, नियर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. या शब्दांचा रोजचा अर्थ बाजूला ठेवा. त्या भाषेत 'गुड' म्हणजे बऱ्यापैकी घासलेली, सतत खरखरणारी रेकॉर्ड. आपण घरात 'चांगली आहे' म्हणतो ती बहुतेक वेळा 'व्हेरी गुड' असते. मिंट हा शब्द मी आजवर वापरलेला नाही.

श्रेणीच्या जोडीला साध्या शब्दांत लिहा: पहिल्या बाजूला दुसऱ्या गाण्यावर चरा आहे, सुई उडत नाही पण टक-टक ऐकू येते. कडेचा टवका उडालाय, खोबणीपर्यंत पोचलेला नाही. केसाएवढा तडा लेबलपर्यंत गेलाय. कव्हरवर शाईने कुणाचं तरी नाव आणि 'वाढदिवसानिमित्त' लिहिलंय. हे शेवटचंसुद्धा लिहा. काहींना ते नको असतं आणि काहींना तेच हवं असतं. रेकॉर्ड वाजवून बघितल्याशिवाय श्रेणी देऊ नका. दिव्याखाली चकचकीत दिसणारी तबकडी बोथट सुईने आतून झिजलेली असू शकते.

पोस्टाने पाठवू की खासगी कुरियरने?

एक-दोन एलपी असतील तर पोस्ट. कारण हिशोबात आहे. कव्हरसकट एक एलपी साधारण 230-250 ग्रॅम, पॅकिंग धरून अर्धा किलोच्या आसपास. पोस्टाच्या आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्टचा दर 250 ग्रॅमच्या टप्प्यांनी चढतो, त्यामुळे घरी वजनकाटा ठेवा. 510 ग्रॅम भरलं तर पुठ्ठ्याची एक कड छाटून ते 500 च्या आत येतं आणि एक टप्पा वाचतो. मात्र कड छाटायची, थर काढायचा नाही.

खासगी कुरियर कंपन्या आकारमानाचं वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. 35 गुणिले 35 गुणिले 10 चं खोकं म्हणजे 2.45 किलो, आत काहीही असो. 78 चं दुहेरी खोकं 40 गुणिले 40 गुणिले 20 झालं तर 6.4 किलोचे पैसे द्यावे लागतात, प्रत्यक्ष वजन त्याच्या निम्मं असलं तरी. तरीही महागडी किंवा दुर्मीळ लाखेची रेकॉर्ड मी कुरियरनेच पाठवते. ते खोकं कमी हातांतून जातं आणि कमी वेळा उतरवलं जातं.

साधं, नोंद नसलेलं टपाल कधीच नको. ट्रॅकिंग नसेल तर 'मिळालं नाही' म्हणणाऱ्याला तुमच्याकडे उत्तर नसतं, आणि तो खरं बोलत असला तरी त्याचं पार्सल शोधायला मार्ग नसतो.

कस्टमच्या फॉर्मवर काय लिहायचं?

कमी किमतीच्या छोट्या पाकिटाला सीएन 22, पार्सलला किंवा जास्त किमतीच्या मालाला सीएन 23. वर्णन नेमकं आणि इंग्रजीत लिहा: वापरलेल्या ग्रामोफोन रेकॉर्ड्स, किती नग, 33 च्या की 78 च्या. नुसतं 'म्युझिक' किंवा 'जुनं सामान' लिहिलं की ते उघडून बघितलं जातं, आणि उघडलेलं खोकं तुम्ही बांधलं होतं तसं परत बांधलं जात नाही. आपल्याकडच्या कस्टमच्या यादीत ग्रामोफोन रेकॉर्डचा संकेतांक 85238010 आहे. तो फॉर्मवर आणि बिलावर दोन्हीकडे घाला.

मूळ देश म्हणजे रेकॉर्ड जिथे छापली तो देश, तुम्ही जिथून पाठवताय तो नव्हे. लेबलवर डमडम (कलकत्त्याजवळचा रेकॉर्ड कारखाना) असेल तर भारत. पण आपल्याकडे इंग्लंडमध्ये छापलेल्या एलपीही बऱ्याच सापडतात. त्यांच्यासमोर इंग्लंड लिहा.

गिऱ्हाईक म्हणतंय, 'गिफ्ट' लिहा आणि किंमत कमी दाखवा. काय करू?

नाही म्हणा. विकलेल्या वस्तूला भेट म्हणणं खोटं आहे, आणि त्या कागदावर सही तुमची असते. शिवाय 8000 रुपयांच्या रेकॉर्डवर 500 लिहिलेत आणि पार्सल हरवलं तर भरपाईही 500 च्याच हिशोबाने मिळणार. मी असं कधीच करत नाही आणि ते पहिल्याच पत्रात सांगते. त्यामुळे काही गिऱ्हाइकं गेली. जी राहिली ती दहा-दहा वर्षं आहेत.

मला आयईसी लागेल का? मी तर घरातल्याच रेकॉर्ड विकतेय.

विक्री असेल तर आयईसी, म्हणजे आयात-निर्यात संकेतांक, काढून ठेवा. तो पॅनवर मिळतो, डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर अर्ज करायचा, शुल्क 500 रुपये. काही बदललं नसलं तरी दरवर्षी एप्रिल ते जूनच्या दरम्यान तिथे जाऊन माहिती कायम करावी लागते, नाहीतर संकेतांक बंद पडतो. हे बरेच जण विसरतात.

पोस्टाने निर्यात करणाऱ्यांसाठी 2022 पासून डाकघर निर्यात केंद्रं सुरू झाली आहेत. पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट घरूनच ऑनलाइन भरता येतं आणि पार्सल जवळच्या केंद्रावर देता येतं. पूर्वी अशा कामासाठी मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात खेपा घालाव्या लागत, तो ताप बराच कमी झाला आहे. जीएसटीची नोंदणी असेल तर निर्यातीवर कर शून्य असतो, पण त्यासाठी एलयूटी नावाचं हमीपत्र भरावं लागतं. ते तुमच्या सीएकडून करून घ्या. पैसे येताना बँक जो परपज कोड विचारते तो माल-निर्यातीचा द्या, आणि बँकेकडून मिळालेली पावती जपून ठेवा.

लेकीला किंवा मित्राला खरोखरच भेट पाठवत असाल तर यातलं काही लागत नाही. तेव्हा 'गिफ्ट' लिहा, कारण तेव्हा ते खरं आहे.

अमेरिकेला पाठवणं बंद झालंय असं ऐकलं. खरं का?

काही काळ बंद होतं. 800 डॉलरपर्यंतच्या मालाला मिळणारी शुल्कमाफी अमेरिकेने 29 ऑगस्ट 2025 पासून काढून घेतली आणि त्याआधी चार दिवस आपल्या टपाल खात्याने तिकडचं बहुतेक बुकिंग थांबवलं. 15 ऑक्टोबर 2025 पासून ते पुन्हा सुरू झालं, शुल्क इथेच बुकिंगच्या वेळी भरून घेण्याच्या पद्धतीने.

रेकॉर्ड पाठवणाऱ्याने एक गोष्ट माहीत करून घ्यावी. ज्या अमेरिकी आणीबाणी-कायद्याच्या आधारे 2025 मध्ये नवं शुल्क लावलं गेलं (तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेब्रुवारी 2026 मध्ये बेकायदा ठरवलं), त्यात 1988 च्या एका दुरुस्तीने पुस्तकं, चित्रपट, छायाचित्रं यांसारखं माहितीपर साहित्य त्या अधिकाराबाहेर ठेवलं आहे, आणि त्या यादीत फोनोग्राफ रेकॉर्डचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणून वर्णनात 'रेकॉर्ड' हा शब्द आणि योग्य संकेतांक असणं अमेरिकेच्या बाबतीत तेव्हा फार महत्त्वाचं होतं, आजही ते घालाच. बुकिंगच्याच दिवशी दर आणि नियम विचारून घ्या, मागच्या महिन्याच्या पावतीवर विसंबू नका.

युरोप, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, जपान इथे घेणाऱ्याला कर पडतो का?

युरोपीय संघात 1 जुलै 2021 पासून कुठल्याही किमतीच्या मालावर व्हॅट लागतो, पूर्वीची 22 युरोपर्यंतची सूट गेली. 150 युरोपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रीच्याच वेळी गोळा करायची सोय आहे, आणि तुम्ही मोठ्या ऑनलाइन बाजारातून विकत असाल तर तो बाजारच तो कापून घेतो. त्याचा क्रमांक पार्सलच्या माहितीत भरायला विसरलात तर घेणाऱ्याला दारात दुसऱ्यांदा कर भरावा लागतो. इंग्लंडमध्ये 135 पौंडांपर्यंत असंच. ऑस्ट्रेलियात 1000 ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावर मोठे विक्रेते आणि बाजार जीएसटी घेतात, तुमच्या-माझ्यासारख्या छोट्यांवर ती जबाबदारी येत नाही. जपानमध्ये 10,000 येनपर्यंतच्या मालाला साधारणपणे माफी आहे. जर्मनीला नेहमी पाठवणार असाल तर तिथल्या पॅकिंग-कचऱ्याच्या कायद्याखाली विक्रेत्याला नोंदणी करावी लागते.

कर घेणाऱ्याने भरायचा असेल तर ते सौदा ठरण्याआधी सांगा.

माझ्याकडे फार जुनी रेकॉर्ड आहे, पणजोबांच्या काळातली. तिला परदेशात चांगली किंमत येतेय.

थांबा. ग्रामोफोन कंपनीने आपल्याकडे पहिलं ध्वनिमुद्रण केलं ते नोव्हेंबर 1902 मध्ये, कलकत्त्यात, गौहर जान यांच्यासारख्या गायिकांचं. त्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात, कारण कलकत्त्यातला कारखाना 1908 मध्ये सुरू झाला. म्हणजे अशा रेकॉर्ड्सना आज शंभर वर्षं उलटून गेली आहेत. 1972 च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या, कला-इतिहासाशी संबंध असलेल्या वस्तू येतात, आणि त्या देशाबाहेर पाठवण्याची खासगी माणसाला मुभा नाही. रेकॉर्ड त्यात मोडत नाही असं वाटत असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला आधी घ्या. दर वर्षी आणखी एका वर्षाच्या रेकॉर्ड शंभरी गाठतात. बालगंधर्वांच्या ऐन बहरातल्या रेकॉर्ड आता त्या उंबरठ्याच्या आत-बाहेर आहेत.

कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत सांगते. अशी रेकॉर्ड मी बाहेर पाठवत नाही, कितीही किंमत आली तरी. त्या ध्वनिमुद्रणाच्या किती प्रती उरल्या असतील हे कुणाला ठाऊक नाही, आणि विमानाच्या पोटातला प्रवास ही त्यांच्यासाठी फार मोठी जोखीम आहे. मुंबईत 1990 पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे. अशा रेकॉर्डची नोंद करणारी, ती ऐकून ओळखणारी माणसं तिथे भेटतात. आधी त्यांना दाखवा. परदेशातल्या खऱ्या रसिकाला त्या गाण्याचं नेमकं वर्णन आणि लेबलचा फोटो पाठवलात तर तोही समजून घेतो, हा माझा अनुभव आहे.

रेकॉर्ड पाठवण्याऐवजी गाणं डिजिटल करून विकलं तर?

तबकडी तुमची आहे, ती विकता येते. तिच्यावरच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क तुमचा नाही. आपल्याकडे तो प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो. ती मुदत संपलेली नसलेल्या गाण्याची प्रत काढून विकू नका.

पार्सल फुटलेलं पोचलं तर?

कधीतरी होणारच, त्याची तयारी आधीपासून ठेवा. मी प्रत्येक पार्सलचे फोटो काढते: तबकडीच्या दोन्ही बाजू, आतला गठ्ठा, बंद खोक्याच्या कडा आणि पत्ता-पावती. घेणाऱ्याला आधीच लिहून ठेवते की खोकं बाहेरून दबलेलं दिसलं तर उघडण्याआधी फोटो काढा, आणि दोन्ही खोकी, पुठ्ठे, सगळं ठेवून द्या. भरपाई मागताना पोस्ट काय आणि कुरियर काय, पॅकिंग बघायला मागतात. ते फेकून दिलेलं असेल तर दावा तिथेच संपतो. चौकशीला मुदत असते, म्हणून कळलं त्याच दिवशी अर्ज करा.

घेणाऱ्याचे पैसे मात्र दाव्याचा निकाल लागेपर्यंत अडकवू नका. मी लगेच परत करते, टपालखर्चासकट. तुकडे परत मागवत नाही. त्यांच्यावर पुन्हा टपालखर्च होतो आणि इकडच्या कस्टममध्ये तो माल परत आल्याचं सिद्ध करत बसावं लागतं.

तीन वर्षांपूर्वी टोरांटोला पाठवलेल्या सहापैकी एक रेकॉर्ड मधोमध दुभंगली. चूक माझीच होती, सहाव्या तबकडीला फोम कमी पडला म्हणून मी जुना, दबलेला तुकडा घातला होता. ज्या आजींनी ती मागवली होती त्यांना तेच लिहिलं आणि पैसे परत केले. त्यांनी दोन्ही तुकडे जोडून, लेबल वर येईल असे चौकटीत बसवून घेतले आणि त्याचा फोटो पाठवला. त्यांच्या आईकडे तीच रेकॉर्ड होती, असं त्यांनी लिहिलं होतं. तिची दुसरी प्रत मला गेल्या फेब्रुवारीत जुन्या बाजारात मिळाली. नवा फोम आणून, दुहेरी खोक्यात बांधून, ती मी त्यांना पाठवली. खोक्यावर या वेळी 'गिफ्ट' लिहिलं.